आक्का, तू न तोडलेली लाईन

आक्का,

बाबा चिरेखाणीतून घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा तांबड्या असायच्या. आई दारातच पाणी ठेवायची आणि म्हणायची, "आधी तोंड धुवा, पोरी घाबरतात." आपण कुठे घाबरत होतो? आपल्याला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा तांबडे असतात. त्यांनी जन्मभर जांभ्याचे चिरे कापले. त्या चिऱ्यांची घरं पार रत्नागिरीपर्यंत उभी राहिली, आणि आपण कुडाच्या भिंती शेणाने लिंपत राहिलो. पावसाळ्यात खाण बंद असायची. मग कुळथाची पिठी दिवसेंदिवस पातळ होत जायची. खालचा घट्ट भाग बाबांना मिळावा म्हणून आई आपल्याला आधी वरचं वाढायची. तुला ते कळलं होतं. तू गप्प जेवायचीस. मी भांडायची.

बाबांचा खोकला वाढला त्या वर्षी तू मॅट्रिक झालीस. रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर मुली घेतायत, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं. तू तोवर फोन कानाला लावलेला नव्हता. मुलाखतीला आवाज बघतात असं कोणी तरी म्हणालं, तर तू पितळेचा तांब्या तोंडाशी धरून "नंबर प्लीज, नंबर प्लीज" सुरू केलंस. तांब्यातून आवाज असा घुमायचा की शेजारच्या काकू विचारायला आल्या. आई म्हणाली, "काय नाय गो, आमच्या थोरलीला सरकारी वारं लागलंय."

लागलीस एकदाची. तुझ्या पगारावर मी रत्नागिरीत आले, तुझ्या खोलीत राहिले आणि कॉलेजात गेले. आई-बाबा दोघंही माझ्या निकालाआधी गेले. निकाल लागला त्या दिवशी तू एक्स्चेंजमधल्या सगळ्या मुलींना पेढे दिलेस आणि मला त्यांच्यासमोर उभं करून म्हणालीस, "ही आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. नीट बघून घ्या." दुसरी कुणी असती तर लाजली असती. मी लाजले नाही. ताठ उभी राहिले. मला अभिमान वाटला आणि आजही वाटतो. लोक म्हणतात, पोरीला मिजास आहे. असू दे.

परवा तुझं तेरावं झालं. पाहुणे दुपारच्या एसटीने गेले. जाताना प्रत्येकजण म्हणाला, "स्वतःला जप." म्हणजे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. दोन माणसांचा भात लावायची हाताला सवय आहे. रोज उरतो. तुझी ड्युटीची निळी साडी दोरीवर आहे, ती मी घडी करत नाही. तुझ्या सकाळच्या पाळीचा गजर अजून वाजतो, आणि मी पडल्या पडल्या वाट बघते की तू उठून तो बंद करशील आणि पुटपुटशील, "मेला, माणसाला झोपू देत नाय." तो आपोआप थांबतो. मग खोलीत काही म्हणजे काही आवाज नसतो.

ऑफिसात फोन उचलला की "नंबर प्लीज" म्हणणारा आवाज आता दुसरा आहे. चांगली मुलगी आहे. पण मी नंबर सांगायला दर वेळी थोडी थांबते, आणि ती बिचारी पुन्हा विचारते.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. ते मला आज पुरं करायचं आहे. तू बोलणार नाहीस, हे धरून.

तुला आठवेल, शेठनी मला बोलावून सांगितलं तो दिवस. मिरकरवाड्याच्या बंदरावर कोळंबी घ्यायची, गोठवायची आणि परदेशी पाठवायची, हा त्यांचा धंदा. मी तिथे मालाची नोंद ठेवायची. मुंबईच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला होता आणि शेठनी मला पाठवून त्याचं शिक्षण देववलं होतं. आता त्यांच्या डोक्यात होतं की रोज किती माल आला, कुठल्या आकाराचा किती, बर्फात शिल्लक किती, हे मी रत्नागिरीत बसून थेट मुंबईच्या कॉम्प्युटरमध्ये घालायचं. तोवर हे सगळं ट्रंक कॉलवर ओरडून सांगायचो. आम्ही सांगायचो साठ, मुंबईवाले लिहायचे सोळा.

शेठ म्हणाले, "पोरी, नारळी पौर्णिमेला होड्या दर्यात जातील. तोवर इथून जमलं तर जमलं. नायतर यंत्र परत पाठवू आणि तू मुंबईला जा. तिथेच बसून कर. तुझी नोकरी कुठे जात नाय."

मी घरी येऊन तुला हे सांगितलं, तर तुझा चेहरा उजळला.

"मग जा की! त्यात विचार कसला?"

"आणि तू?"

"मी काय पाळण्यात हाय? नोकरी हाय, खोली हाय."

"मला इथेच राहायचंय."

"ग्रॅज्युएट झालीस ती कोळंबीच्या वासात बसायला?"

"तो वासच पगार देतो."

तू हातातली पळी खाली ठेवलीस. "हे बघ गो. माझ्यासाठी राहत असशील तर ते ओझं मला नको. उद्या तुझं काय बिनसलं की म्हणशील, आक्कासाठी राहिले. मला नाय ऐकायचं ते."

"तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी."

"खोटं बोलतेस."

त्यानंतर आपण कामाबद्दल बोलणंच सोडलं. तुझा नियम तर जुनाच होता. एक्स्चेंजच्या बोर्डावर बसून कानावर पडलेलं तू कधी घरी आणलं नाहीस. अख्ख्या रत्नागिरीची लग्नं, भांडणं, भाव तुझ्या कानावरून जायचे, आणि मी खोदून विचारलं तर म्हणायचीस, "बोर्डावरचं बोर्डावर." मीही हट्टाने म्हटलं, मग ऑफिसातलं ऑफिसात. सगळा पावसाळा एका खोलीत आपण दोघी, आणि बोलणं काय, तर मीठ संपलंय आणि छत्रीची काडी मोडलीय.

म्हणून मी काय करत होते ते तुला माहीत नव्हतं. आता सांगते.

आमच्याकडे जे यंत्र आलं, तो अख्खा कॉम्प्युटर नव्हता. एक काळा पडदा आणि टाइपरायटरसारख्या कळा. डोकं सगळं मुंबईत. मध्ये तुमची टेलिफोनची लाईन, आणि दोन्ही टोकांना मोडेम नावाची एकेक पेटी. ही पेटी अक्षरांची शिट्टी करते, पलीकडची पेटी शिट्टीची पुन्हा अक्षरं करते. मुंबईत जयंत नावाचा मुलगा मशीनसमोर बसायचा. एकेक ओळ टाइप करून मशीनला हुकूम द्यायचा: या तारेवर लक्ष ठेव, या वेगाने ऐक, कोणी आलं तर नाव विचार. इथे मीही तशाच ओळी टाइप करायची. चित्र नाही, रंग नाही. ओळ लिहायची, कळ दाबायची आणि मशीन काय म्हणतं ते बघायचं. हुकमात एक अक्षर चुकलं तर ते नुसतं म्हणणार, असं काही मला माहीत नाही. मला ते आवडायचं. मशीन माझं गाव विचारत नव्हतं, जात विचारत नव्हतं, बाबा काय करायचे ते विचारत नव्हतं. ओळ बरोबर असली की बास.

आधी दोन्हीकडचा वेग जुळत नव्हता. पडद्यावर नुसता कचरा यायचा. वेग कमी करत करत तो जुळवला. मग एके दिवशी पडद्यावर मुंबईच्या मशीनने माझं नाव विचारलं. नुसती एक हिरवी ओळ. मी खुर्चीत उडालेच. नाव टाइप करून हुकूम दिला, त्याने उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि लाईन तुटली.

पुन्हा कॉल बुक केला. त्या दिवसांत बुकिंग दुसरीच मुलगी घ्यायची; पुढे मुंबईची लाईन कोण बघतं ते मला ठाऊक नव्हतं. पुन्हा लागला, पुन्हा तुटला. रोज तेच. त्यात आणखी एक गंमत अशी की लाईन तुटली तरी मशीनला ते कळायचं नाही. त्याच्या लेखी मी आतच बसलेली असायची, आणि दुसऱ्यांदा गेले की ते आत घ्यायचं नाही. मग जयंतला साधा फोन करून सांगायचं, मला बाहेर काढ. तो म्हणायचा, "मॅडम, तुमचं भूत इथे बसलंय. थांबा, उठवतो."

आम्ही पावसाला दोष दिला. तारांच्या सांध्यात पाणी शिरलं असेल. मोडेमला दोष दिला. जयंतने एसटीने नवीन केबल पाठवली. तीही लावली. काही नाही. नारळी पौर्णिमा जवळ आली आणि शेठ मला दिसले की विचारायचे, "मुंबईला कपडे किती नेणार?"

त्या संध्याकाळी तू सुकट निवडत बसली होतीस. माझं डोकं उठलं होतं, म्हणून मी भिंतीला टेकून बसले होते. आणि तू, जन्मात बोर्डावरचं न बोलणारी, आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणालीस, "पावसाने लायनींची काय दशा केलीय. एक मुंबई लाईन तर रोज किंचाळते. कान फुटतो. रोज कापते मी, बिघाड म्हणून लिहिते, म्हणजे गिऱ्हाइकाला भुर्दंड नको."

मी विचारलं, "किंचाळते म्हणजे?"

"शिट्टी गो. मधूनच फरफर. माणसाचा शब्द नाय त्यात. मी विचारते, 'हॅलो, बोलणं चालू आहे का?' तर कोण उत्तर पण देत नाय. बिचारे कंटाळून फोन ठेवून गेले असतील."

"नंबर कुठला?"

"नंबर नाय सांगणार."

"मी सांगू?"

मी आमच्या मुंबई ऑफिसचा नंबर सांगितला. तुझ्या हातातली सुकट तशीच राहिली.

"तुमचे शेठ शिट्टी मारतात फोनवर?"

"आक्का, ती मी होते."

आधी तुला ते कळेना. मी कागदावर दोन पेट्या काढल्या, मध्ये रेघ काढली, रेघेवर तुला काढलं. तू बघत राहिलीस. मग तुला जे हसू फुटलं! हसता हसता सुकटीचं सूप कलंडलं. मीही हसले. किती तरी आठवड्यांनी हसलो आपण. तू डोळे पुसत म्हणालीस, "म्हणजे माझी बहीण बोलतेय, आणि मीच तिचं तोंड दाबतेय. आणि वर गिऱ्हाइकावर उपकार केले म्हणून खूश!"

मी म्हटलं, "मग आता तोडू नकोस."

तुझं हसू थांबलं. "नियम हाय. लाईन ऐकायची, बिघडलेली असली तर काढायची. तीन मिनिटं झाली की मध्ये जाऊन विचारायचं. बहीण म्हणून तुझ्यासाठी वेगळं नाय करणार."

मला राग आला. तू ते कसं सोडवलंस ते मला दोन दिवसांनी कळलं. तू सुपरवायझर बाईंकडे गेलीस, त्यांना माझा कागद दाखवलास. असं ठरलं की आमच्या ऑफिसने कॉल बुक करतानाच किती वेळ हवा ते सांगायचं, म्हणजे मध्ये कुणी विचारायला जायचं नाही. आणि बोर्डावरच्या सगळ्या मुलींना तू बजावलंस, "या नंबरची शिट्टी ऐकू आली तर समजा बोलणं चाललंय. शिट्टी थांबली तरच काढा." एकीने विचारलं म्हणे, "मग हा पी. पी. कॉल समजायचा का, ठरावीक माणसालाच जोडून द्यायचा? माणूस नेमका कोण?" तू म्हणालीस, "माणूस नाय. मुंबईचं यंत्र. पण आमची बाय त्याला नावाने हाक मारते."

तिकडे मुंबईत जयंतने मशीनला आणखी एक हुकूम शिकवला, शिट्टी थांबली की दार आपणच लाव. माझं भूत बसायचं बंद झालं.

मग शेठनी परीक्षेचा दिवस ठरवला. सकाळची वेळ घेतली. मुंबईचं ऑफिस बघणारे धाकटे शेठ तिकडे प्रिंटरजवळ उभे राहणार आणि इथे आमचे शेठ माझ्या पाठीशी. इथून मी हुकूम द्यायचा आणि मुंबईत कागद छापून यायचा. आला तर राहायचं. नाही आला तर बॅग भरायची. बाहेर पाऊस चांगलाच लागला होता.

फोन उचलला तर तुझा आवाज. "नंबर प्लीज." मी नंबर सांगितला. तू म्हणालीस, "आपण थांबावे." घरी मला मेली म्हणणारी तू, बोर्डावर मला आपण म्हणायचीस. मला नेहमी हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. माझ्या मनात आलं, तुला तर मी जायलाच हवंय. लाईन तुझ्या हातात आहे, आणि पाऊस असा आहे की तू ती काढलीस तर कुणी तुला विचारणारही नाही.

शिट्टी आली. मी मोडेमचं बटण दाबून लाईन त्याच्याकडे दिली आणि फोन ठेवला. मशीनने नाव विचारलं, मी दिलं. हुकूम टाइप करायला घेतला. अर्ध्यात पडद्यावर कचरा यायला लागला. पावसाचाच. अक्षरांच्या मध्ये कसली तरी चिन्हं. तिकडे तुझ्या कानात ती शिट्टी नक्कीच फाटली असणार. कुठलीही ऑपरेटर म्हणाली असती, गेली ही लाईन. शेठ म्हणाले, "काय गो हे?" मी म्हटलं, "थांबा जरा." माझा हात कळांवर होता आणि मला फक्त तू दिसत होतीस, बोर्डावरची लाईन जोडायची दोरी धरून बसलेली.

तू काढली नाहीस.

कचरा थांबला. मी बिघडलेली ओळ पुसून पुन्हा लिहिली, कळ दाबली, मशीनमधून बाहेर पडले. थोड्या वेळाने फोन वाजला. तूच. "रत्नागिरी, आपली मुंबई लाईनवर आहे. बोला." धाकटे शेठ ओरडले, "कागद आला! साठ म्हणजे साठच आलेत!"

शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी कानाला फोन लावून तशीच उभी होते. मला वाटलं तू अजून लाईनवर असशील, काही म्हणशील. तू नव्हतीस. दुसऱ्या कुणाला तरी त्याची मुंबई देत असशील.

संध्याकाळी घरी आलीस. छत्री कोपऱ्यात उभी केलीस.

"झालं काय गो?"

"झालं."

"म्हणजे राहिलीस."

"राहिले."

तू तांदूळ धुवायला घेतलेस. माझ्याकडे पाठ होती तुझी. तू खूश होतीस की नव्हतीस, ते त्या पाठीवरून मला कळलं नाही. शिट्टी फाटली तेव्हा तुझा हात दोरीवर गेला होता का, हे मला तेव्हाच विचारायचं होतं. म्हटलं, विचारू कधी तरी. सगळा जन्म पडलाय. होड्या दर्यात गेल्या, हंगाम सुरू झाला, मी कामात बुडाले. आणि मग तुला तो ताप आला.

इस्पितळात तू शुद्धीवर होतीस तेव्हाही मी विचारू शकले असते. तुझा हात हातात होता. पण असल्या वेळी माणूस पाणी हवंय का एवढंच विचारतो. तू म्हणालीस, "ऑफिसला जा. यंत्र वाट बघत असेल." मी म्हटलं, "बघू दे." हेच आपलं शेवटचं बोलणं झालं. चांगलं आहे की वाईट, मला ठरवता येत नाही.

तेराव्याला शेठ आले होते. चटईवर बसले, तुझ्या फोटोला हात जोडले आणि हळूच म्हणाले, "पोरी, आता इथे तुझं कोण हाय? मुंबईला चल. जयंतच्या वरची जागा देतो. चार माणसांत राहशील."

त्यांनी वाईट मनाने म्हटलं नाही. ते खरंही आहे. इथे आता माझं कोणी नाही. या खोलीत संध्याकाळी दिवा लावला की सावली एकटीच पडते. आक्का, मलाही वाटत होतं की माझं उत्तर काय येईल ते मला माहीत आहे. तू म्हणायचीस ते खरं असेल, मी तुझ्यासाठीच राहिले असेन, आणि आता थांबायला काही उरलं नाही.

पण मी तोंड उघडलं आणि "नको" म्हणाले. विचार करून नाही. आतून आलं. मला इथून हुकूम द्यायला आवडतं. बंदरावरून ओल्या पायांनी ऑफिसात यायचं, पडद्यावर ओळ लिहायची आणि पार मुंबईतलं मशीन आपलं ऐकतं, हे मला इथल्याच खुर्चीत हवं आहे. खाणीतल्या माणसाची पोर मी. माझं काम जिथे मी उभं केलं तिथेच मला ते करायचं आहे. तू होतीस तेव्हाही असंच होतं. तू ऐकून घेतलं नाहीस, आणि मला तरी कुठे पुरतं माहीत होतं? तू गेल्यावर कळलं. म्हणजे ते ओझं तुझ्यावर कधीच नव्हतं. एवढंच मला तुला सांगायचं होतं, आणि सांगायला तू नाहीस.

शेठनी मान हलवली. काल त्यांनी मुंबईला कळवलं. रत्नागिरीच्या कॉम्प्युटरचं काम रत्नागिरीतच राहणार आहे, आणि ते मी बघणार आहे.